दर किलोमीटरला किती? आधी पत्ता सांगा

पेट्रोलवर चालणाऱ्या टाटा नेक्सॉनची टाकी 44 लिटरची. एका लिटर पेट्रोलमधली ऊर्जा विजेच्या भाषेत मोजली तर ती साधारण 9 युनिट भरते. म्हणजे विरारच्या एखाद्या पंपावर पाच मिनिटांत टाकी फुल केली, की गाडीत जवळजवळ 400 युनिट ऊर्जा जाऊन बसते. फ्रिज, पंखे, टीव्ही आणि उन्हाळ्यात थोडा एसी वापरणाऱ्या वसईतल्या एखाद्या वन बीएचकेला दोन महिने पुरेल एवढी. हीच नेक्सॉन जानेवारी 2020 मध्ये इलेक्ट्रिक होऊन आली तेव्हा तिच्या पोटात बॅटरी होती 30.2 युनिटची. टाकीच्या तेराव्या हिश्शाएवढी! आणि तरी ती गाडी रोजच्या रस्त्यावर एका चार्जमध्ये 200 किलोमीटरच्या आसपास जाते.

तेरापट ऊर्जा पोटात घेऊन निघालेली पेट्रोल गाडी तेरापट लांब जायला हवी. ती जाते 550-600 किलोमीटर, म्हणजे तिपटीच्या आतच. मग उरलेली ऊर्जा कुठे गेली?

ती गेली हवेत. पेट्रोलचं इंजिन मुख्यतः उष्णता तयार करतं आणि त्या उष्णतेतला थोडासा भाग चाकांपर्यंत पोचवतं. गर्दीच्या रस्त्यावर, थांबत-थांबत चालताना हा भाग अनेकदा पाचव्या हिश्शाच्याही खाली जातो. शंभर रुपयांच्या पेट्रोलमधले ऐंशी रुपये रेडिएटर, सायलेन्सर आणि तापलेलं बॉनेट यांतून निघून जातात. इलेक्ट्रिक गाडीतही गळती असते: चार्जरमध्ये थोडी, बॅटरीत थोडी, मोटारीत थोडी. पण घरच्या मीटरमधून निघालेल्या विजेचा मोठा भाग चाकापर्यंत पोचतो. गळती धरूनही मीटरवरच्या एका युनिटमागे गाडी सहा किलोमीटर जाते असं सोयीसाठी धरू. पेट्रोल गाडी 9 युनिटांचं एक लिटर जाळून तेरा किलोमीटर जाते, तर इलेक्ट्रिक गाडी तेच तेरा किलोमीटर सव्वादोन युनिटमध्ये उरकते.

इथे कुणी म्हणेल, ती वीज तरी कुठून आली? प्रश्न रास्त आहे, आणि पालघर जिल्ह्यात तो विचारायला लांब जावं लागत नाही. याच जिल्ह्यात डहाणूला 500 मेगावॉटचं कोळशावरचं औष्णिक केंद्र आहे. तारापूरला 1969 साली देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र सुरू झालं, आणि 2005-06 मध्ये तिथे 540 मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या. कोळसा असो वा युरेनियम, तिथेही उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, बाकीचा वाया जातो. म्हणजे उष्णता गाडीच्या बॉनेटखाली वाया जाण्याऐवजी डहाणूच्या चिमणीतून आणि समुद्राच्या पाण्यात जाते. पण खिशाच्या हिशेबात एक मोठा फरक आहे. त्या वाया गेलेल्या उष्णतेचे पैसे विजेच्या दरात आधीच धरलेले असतात. पेट्रोलच्या बाबतीत ती उष्णता तुम्ही लिटरच्या भावाने विकत घेता आणि महामार्गावर सोडून देता.

किती सोडता, हे पाहायचं तर घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलाकडे संध्याकाळी जायला हवं. 2023 मध्ये नवा पूल आला, पण पुढे दहिसर ते अच्छाडच्या पट्ट्यात महामार्गाचं काँक्रीटीकरण निघालं आणि रांगा पुन्हा लागल्या. अशा रांगेत एसी लावून इंजिन चालू ठेवलं तर तासाला लिटरभर पेट्रोल जागच्या जागी जळू शकतं. शेजारच्या इलेक्ट्रिक गाडीची मोटार थांबलेली असते, चालू असतो फक्त एसी. त्याला तासाला युनिट-दीड युनिट पुरतं. एकाचे शंभर रुपये गेले, दुसऱ्याचे वीस-बावीस. दोघंही एक इंच पुढे सरकलेले नाहीत.

विजेवरची गाडी वसई-विरारकरांना तशी नवी नाही. विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी 1867 मध्ये सुटली. 1936 मध्ये विजेच्या तारा विरारपर्यंत पोचल्या आणि तेव्हापासून इथला माणूस रोज विजेवर प्रवास करतो आहे. इलेक्ट्रिक मोटारीची सगळ्यात चकित करणारी करामतही त्याच्या ओळखीची आहे, फक्त त्याने ती डब्यातून पाहिलेली नाही. 2007 नंतर आलेल्या सीमेन्सच्या विद्युत प्रणालीच्या लोकल नायगावात शिरताना ब्रेक लावतात, तेव्हा मोटार उलटं काम करू लागते. ती जनित्र बनते, आणि वापरलेल्या विजेतला तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा वाटा परत वरच्या तारेत पाठवते. इलेक्ट्रिक कारमध्येही हेच घडतं. फक्त वीज तारेऐवजी बॅटरीत जाते. म्हणून पेट्रोल गाडी शहरात जास्त पिते आणि महामार्गावर कमी, तर इलेक्ट्रिक गाडीचं बरोबर उलटं. खड्डे, सिग्नल आणि रिक्षांच्या गर्दीतला नालासोपारा तिला मानवतो. ताशी शंभरने धावणारा महामार्ग तिला जास्त खातो.

आता वही काढू. समजा, एकाच बनावटीच्या, सारख्या सोयींच्या दोन गाड्या आहेत. पेट्रोलची 10 लाखांना, इलेक्ट्रिक 13 लाखांना. फरक तीन लाखांचा. पण महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी 11 टक्के वाहनकर लागतो, म्हणजे 1 लाख 10 हजार. राज्याच्या धोरणानुसार इलेक्ट्रिक गाडीला तो माफ आहे. एमएच-48 ची पाटी लागून गाडी रस्त्यावर येईपर्यंत फरक उरतो 1 लाख 90 हजारांचा. हे 1 लाख 90 हजार वसूल व्हायला किती वर्षं लागतील, एवढाच आपला प्रश्न.

पेट्रोल 104 रुपये लिटर आणि गाडी गावात तेरा किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरला आठ रुपये. हा आकडा वसईच्या किल्ल्यापासून विरार फाट्यापर्यंत सगळीकडे सारखाच. विजेचा आकडा मात्र घराघरांत बदलतो, आणि खरी गंमत इथून सुरू होते.

महावितरणचं बिल हातात घ्या. घरगुती विजेला एक दर नसतो, टप्पे असतात. 2024-25 च्या दरांनी, वहन आकार धरून, पहिली 100 युनिट सहा रुपयांच्या आत मिळत. 101 ते 300 मधलं प्रत्येक युनिट साडेअकराच्या आसपास, आणि 301 ते 500 मधलं पावणेसोळाच्या आसपास. वर 16 टक्के वीज शुल्क. बिलाची रक्कम भागिले युनिट केलं तर सरासरी दर येतो आणि तो बरा दिसतो. पण गाडी सरासरी दराने वीज पीत नाही. घरातले पंखे, फ्रिज, गिझर आधीच खालचे टप्पे भरून बसलेले असतात, गाडी सगळ्यांवर चढून बसते. तिचं प्रत्येक युनिट तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग दराचं असतं. गाडी घेण्याआधी महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घरात त्या दरांनी शुल्कासह हे युनिट तेरा रुपयांच्या पुढे पडत होतं, आणि तीनशेची रेघ ओलांडली की अठराच्या पुढे. पुढचा हिशेब याच दरांनी.

तरीही वीज जिंकते. महिन्याला 700 किलोमीटर चालणारी गाडी घ्या: मुलांची शाळा, बाजार, रविवारी अर्नाळा किंवा वज्रेश्वरी, अधूनमधून ठाणे. पेट्रोलचा खर्च 5,600 रुपये. विजेची 117 युनिट, त्यातली शंभर मधल्या टप्प्यातली आणि सतरा वरच्या टप्प्यातली. खर्च 1,640 च्या आसपास. किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये. महिन्याला वाचले जवळजवळ चार हजार, वर्षाला साडेसत्तेचाळीस हजार.

1 लाख 90 हजार भागिले साडेसत्तेचाळीस हजार, म्हणजे चार वर्षं? इतकं सोपं नाही. ते जादा पैसे कर्जाऊ घेतले तर त्यांवर व्याज आहे, आणि ठेव मोडून दिले तर बुडालेलं व्याज आहे. 9 टक्क्यांनी पहिल्या वर्षाचंच 17,100 रुपये होतं. ते धरलं की चारची पाच वर्षं होतात. ठीक आहे, गाडी पाच वर्षांहून जास्त वापरतोच आपण.

आता तोच हिशेब दुसऱ्या एका घरी नेऊ. साहेब रोज सकाळी 60 किलोमीटरवरच्या चर्चगेटला लोकलने जातात. गाडी इमारतीखाली कव्हर घालून उभी. वर्षाला चालते 3,000 किलोमीटर. पेट्रोल आणि विजेच्या खर्चातला फरक वर्षाला 17,300 रुपयांच्या आसपास येतो. वरचं व्याज आठवा: 17,100. इंधनात वाचवलेला जवळजवळ प्रत्येक रुपया व्याजात गेला. गाडी दहा वर्षं ठेवा, वीस वर्षं ठेवा, मुद्दल फिटतच नाही. वर्षाला 5,000 किलोमीटर चालवली तर दहा वर्षांत फिटतं. आणि तिसरं घर, जिथली बाई रोज महामार्गाने बोईसरच्या एमआयडीसीत कामाला जाते, वर्षाला 20,000 किलोमीटर. तिची बरीचशी वीज अठरा रुपयांच्या टप्प्यात जाते, किलोमीटरचा खर्च पावणेतीनवर चढतो, आणि तरी वर्षाला लाखाच्या वर वाचतात. दोन वर्षांत गाडीचा जादा पैसा वसूल.

गाडी तीच, कंपनी तीच, महावितरणही तेच. एकाला दोन वर्षं, एकाला पाच, एकाला दहा आणि एकाला कधीच नाही. मग ‘इलेक्ट्रिक गाडी परवडते का?’ या प्रश्नाला उत्तर कसं असणार? किती चालणार आणि कुठे उभी राहणार, हे त्यात आलंच नाही.

कुठे उभी राहणार, हे तर वसई-विरारमध्ये फारच महत्त्वाचं. रेल्वेरुळांच्या पश्चिमेला समुद्राच्या बाजूने निर्मळ, भुईगाव, गास, आगाशी हा वाड्यांचा पट्टा. केळी, फुलं, भाजी; अंगण आणि स्वतःचं छप्पर. अशा घरात गाडी अंगणातल्या 15 अँपियरच्या प्लगवर रात्रभर लावली की झालं. शिवाय छप्पर मोकळं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या सौर पॅनेलला 78,000 रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॉट पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं, तेव्हा तीन किलोवॉटची महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. त्यात 700 किलोमीटरची 117 युनिट आरामात बसतात आणि घराचं बिलही उतरतं. पॅनेलचा खर्च घराच्या बिलातून सुटतो असं धरलं, तर गाडीचा जादा पैसा पाचऐवजी साडेतीन वर्षांत वसूल होतो.

तिथून वसंत नगरी, एव्हरशाइन सिटी किंवा विरारच्या ग्लोबल सिटीतल्या सोसायटीत या. पार्किंग आहे, पण मीटरची खोली एका टोकाला आणि तुमची जागा दुसऱ्या टोकाला. स्वतःच्या मीटरवरून केबल आणायची तर पाइप, एमसीबी, अर्थिंग आणि कमिटीचा ठराव एवढं सगळं आलं. घरातला एसी, गिझर आणि गाडी एकदम चालणार असतील तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. सोसायटीच्या सामायिक मीटरवर गाडी लावली तर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपांनी ते मीटर बहुधा आधीच वरच्या टप्प्यात नेलेलं असतं. गाडीचं युनिट तिथे आणखी महाग. वाहन चार्जिंगसाठी वीज नियामक आयोगाने 2018 मध्येच वेगळी वर्गवारी केली आहे. तिच्यात घरगुती टप्पे नाहीत, दिवसाच्या वेळेप्रमाणे दर कमी-जास्त होतो. पाच-सहा इलेक्ट्रिक गाड्या असलेल्या सोसायटीने त्या वर्गवारीतलं स्वतंत्र मीटर घेतलं तर भांडणही मिटतं आणि दरही उतरतो.

तिसरा पत्ता नालासोपारा पूर्वेचा. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, गाडी रस्त्याच्या कडेला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून गाडी चार्ज करायचा विचारही कुणी करू नये. सप्टेंबर 2022 मध्ये वसईतच एका घरात चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी फुटली आणि एक लहान मुलगा दगावला. स्कूटरची काढून आणलेली बॅटरी आणि कारमध्ये बसवलेली बॅटरी यांची तुलना होत नाही, पण चांगलं वायरिंग आणि अर्थिंग हा गाडीच्या किमतीचाच भाग धरायला हवा, हे या शहराला कुणी सांगायला नको. या पत्त्यावर उरतो सार्वजनिक फास्ट चार्जर. तिथे युनिट वीस रुपयांच्या आसपास, वर 18 टक्के जीएसटी. किलोमीटरला साडेतीन ते चार रुपये.

आणि मग या हिशेबात तिसरा भिडू येतो. पेट्रोल विरुद्ध वीज अशी कुस्ती लावताना ज्याला सगळे विसरतात तो सीएनजी. पालघर जिल्ह्यात गुजरात गॅसचं जाळं आहे. किलोला ऐंशीच्या आसपास भाव आणि गाडी किलोला पंचवीस किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला सव्वातीन रुपये. रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्या माणसाला फास्ट चार्जरपेक्षा सीएनजी स्वस्त पडतो, आणि गाडीची किंमतही कमी. पंपावरची रांग सोडली तर पैशांच्या बाजूने बोलण्यासारखं काही उरत नाही.

आतापर्यंत आपण फक्त इंधन मोजलं. पण गाडीचा सगळ्यात मोठा खर्च इंधन नाहीच. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो घसारा धरतात तो पहा: वर्षभरात 15 टक्के, दोन वर्षांत 20, तीन वर्षांत 30, चारात 40 आणि पाचव्या वर्षाअखेर 50 टक्के. दहा लाखांची पेट्रोल गाडी पाच वर्षांत कागदावर पाच लाखांची होते. वर्षाला एक लाख. महिन्याला 700 किलोमीटर चालवून पेट्रोल जळतं 67,000 चं. म्हणजे टाकीत जेवढं जातं त्याहून जास्त नुसत्या उभ्या गाडीतून जातं. तेरा लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीचा तोच कागदी घसारा वर्षाला 1 लाख 30 हजार. आणि जुन्या बाजारात इलेक्ट्रिक गाडीचा भाव करताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न बॅटरीचा विचारतं. गाडी पाच वर्षांत विकायची सवय असेल तर इलेक्ट्रिकचा फायदा याच जागी गळतो. दहा-बारा वर्षं वापरणाऱ्याला त्याचा फारसा त्रास नाही.

सर्व्हिसिंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी पुढे आहे. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच, सायलेन्सर, हे काहीच नाही. ब्रेकचं बरंच काम मोटार करते म्हणून ब्रेक पॅडही जास्त टिकतात. टायर मात्र थोडे लवकर झिजू शकतात, कारण बॅटरीमुळे वजन वाढतं. इलेक्ट्रिक नेक्सॉन पेट्रोलपेक्षा दीडशे किलोंच्या आसपास जड आहे. वाचलेल्या पैशांतला वाटा पुन्हा विमा घेऊन जातो, आणि तिथे एक मजेशीर गोष्ट आहे. जून 2022 मध्ये केंद्राने थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिक गाड्यांना 15 टक्के सवलत दिली. पेट्रोल गाडीचे टप्पे इंजिनाच्या सीसीवर, इलेक्ट्रिकचे मोटारीच्या किलोवॉटवर. 1,199 सीसीची पेट्रोल नेक्सॉन मधल्या टप्प्यात बसते: 3,416 रुपये. इलेक्ट्रिक नेक्सॉनची मोटार 65 किलोवॉटच्या पुढची, म्हणून ती बसते सगळ्यात वरच्या टप्प्यात: 6,712 रुपये. सवलत मिळूनही जवळजवळ दुप्पट! विजेची मोटार लहान अंगाने मोठी ताकद देते, आणि विम्याचा तक्ता ताकद मोजतो. सर्व्हिसिंगचा फायदा आणि विम्याचा तोटा बऱ्याच अंशी एकमेकांना खातात, म्हणून वरच्या हिशेबात मी दोन्ही धरले नाहीत.

टोलमाफीचंही असंच. राज्याच्या 2025 च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ झाला. त्याच ऑगस्टमध्ये अंमल सुरू झाला. पण वसई-विरारकराचा रोजचा रस्ता यांतला एकही नाही. दहिसरचा नाका ऑक्टोबर 2024 पासून सगळ्याच छोट्या गाड्यांना मोकळा आहे, आणि राष्ट्रीय महामार्गावरचा खानिवड्याचा नाका या माफीत येत नाही. पुण्याला सासर असेल तर मात्र एका फेरीचे 320 रुपये वाचतात.

उरला बॅटरीचा बागुलबुवा. नेक्सॉनच्या बॅटरीत लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचं रसायन आहे. ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात, जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी यांनी शोधलं आणि 1997 मध्ये जगापुढे मांडलं. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीच्या कामासाठी 2019 चं नोबेल मिळालं. हे रसायन तापायला आणि पेटायला इतरांहून कमी राजी असतं, आणि त्यात महागडं कोबाल्ट नाही. बॅटरीच्या एका युनिट क्षमतेची जागतिक सरासरी किंमत 2010 मध्ये हजार डॉलरच्या वर होती. 2024 मध्ये ब्लूमबर्गच्या पाहणीत ती 115 डॉलर निघाली.

30.2 युनिटच्या नेक्सॉनच्या बॅटरीला कंपनीने हमी दिली होती 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे वर्षाला 20,000. वर्षाला 8,400 चालणारी आपली गाडी आठ वर्षांत 67,000 सुद्धा गाठत नाही. बॅटरी दोन तऱ्हांनी म्हातारी होते: चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी, आणि नुसत्या काळाने. गर्दीत कमी चालणाऱ्या वसई-विरारच्या गाडीला फेऱ्यांचं भय जवळजवळ नाही. तिचं वय वाढतं ते उकाड्याने आणि पूर्ण भरून उन्हात उभी ठेवल्याने. शंभर टक्के चार्ज करून आठवडाभर उघड्यावर ठेवण्यापेक्षा साठ-सत्तर टक्क्यांवर सावलीत ठेवलेली बरी.

बॅटरीची किलोमीटरमागे किंमत किती, हे एका कंपनीने उघडच सांगून टाकलं. सप्टेंबर 2024 मध्ये एमजीने विंडसर ही गाडी बॅटरीविना 9.99 लाखांना आणली. बॅटरीचं भाडं किलोमीटरला 3.50 रुपये. बॅटरीसकट तीच गाडी साडेतेरा लाखांना. फरक साडेतीन लाखांचा, भागिले साडेतीन रुपये: बरोबर एक लाख किलोमीटर. त्याहून कमी चालवणार असाल तर भाडं बरं, जास्त चालवणार असाल तर विकत घेतलेली बरी, अर्थात किमान किलोमीटरची अट आड आली नाही तर. आणि भाडं धरून विजेचा किलोमीटर अडीचवरून सहावर जातो. पेट्रोलच्या आठपेक्षा अजूनही खाली, पण सीएनजीच्या वर.

पावसाचा उल्लेख केल्याशिवाय इथला कुठलाच हिशेब पुरा होत नाही. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, मिठागरात माणसं अडकली, वीज गेली. अशा पाण्यात पेट्रोल गाडी रेटली तर हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून आतला दांडा वाकतो आणि इंजिन बसतं. इलेक्ट्रिक गाडीला हवेची नळीच नाही. तिची बॅटरी बहुधा आयपी 67 प्रतीची, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी पारखलेली. पण तळमजल्यावर दोन दिवस पाणी साचून राहिलं तर ती कसोटी संपते, आणि वीज नसेल तर चार्जिंगही नाही. पाण्याने बिघडलेल्या इंजिनासाठी किंवा बॅटरीसाठी दोन्ही गाड्यांच्या विम्यात सहसा वेगळी पुरवणी घ्यावी लागते. इथे राहणाऱ्याने तिचा हप्ता खर्चात पहिल्या दिवसापासून धरावा.

तेव्हा कुणी ‘इलेक्ट्रिक घेऊ की पेट्रोल?’ विचारलं तर तीन आकडे शोधायला सांगावेत. आत्ताच्या गाडीचे ओडोमीटरवरचे किलोमीटर भागिले तिची वर्षं. महावितरणच्या बिलावरचं सगळ्यात महाग युनिट, म्हणजे गाडीला लागणारा खरा दर. आणि आपल्या मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंतचं अंतर, पावलांत. पहिला आकडा तीन हजारांच्या आसपास असेल तर पैशांसाठी इलेक्ट्रिक घेऊ नये; आवडते म्हणून घ्यावी, ते कारणही चांगलंच आहे. आठ-दहा हजारांच्या पुढे असेल आणि प्लग घरचा असेल तर पेट्रोलकडे पाहण्याचं कारण नाही. मीटर पावलांत मोजण्यापलीकडे असेल तर सीएनजीचा भाव विचारावा. हे तिन्ही आकडे घरातच सापडतात, शोरूममधल्या सेल्समनकडे त्यांतला एकही नसतो.